बिबवेवाडीतल्या दोन शेवंडी

वैजनाथ मूळचा गंगाखेडचा. गंगाखेडला गोदावरी आहे, समुद्र नाही. आणि ही आपल्या जडणघडणीतली मोठीच उणीव आहे, हे त्याला वयाच्या तिसाव्या वर्षी, लग्न झाल्यावर कळलं. नदीत मासे असत, पण वैजनाथच्या घरी मटणाचा वार ठरलेला होता आणि माशाला वारच नव्हता. शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात एक मासा होता, त्याला कल्ले, पर, शेपूट असे बाण मारलेले होते. त्या बाणांसमोर नावं लिहून पाच गुण मिळवले की मासा या विषयाशी त्याचा संबंध संपत असे.

पुढे तो पुण्यात इंजिनिअर झाला आणि हिंजवडीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टर म्हणून लागला. टेस्टर म्हणजे दुसऱ्याने केलेल्या कामातल्या चुका काढणारा माणूस. पुण्यात हे काम बहुतेक मंडळी हौसेने, घरबसल्या आणि विनामूल्य करतात. हिंजवडीत त्याचा पगार मिळतो आणि न्यायला-आणायला बस येते, एवढाच फरक. गावाकडे आईला, गोदाबाईंना, हे सांगून पटत नसे. "म्हंजी तू सोता काईच करीत नाहीस का रं?" असं त्या दर दिवाळीला विचारत, आणि दर दिवाळीला वैजनाथ नव्याने समजावून सांगायला बसे.

हळूहळू नोकरी माणसात मुरते तशी ती वैजनाथमध्ये मुरली. हॉटेलात गेला की तो आधी मेन्यूकार्डातल्या शुद्धलेखनाच्या चुका काढी, मग भूक लागली आहे हे त्याच्या लक्षात येई. भाजीवाल्याकडचं प्रत्येक वांगं तो देठाकडून आणि बुडाकडून असं दोनदा बघे. प्रियदर्शनीशी त्याची ओळखही अशीच झाली. स्वारगेटच्या एका बँकेत खातं उघडायला गेला, तर खात्याच्या फॉर्मात त्याला तीन चुका सापडल्या. त्याने त्या लाल पेनाने गोल करून फॉर्म काउंटरवर सरकवला. पलीकडच्या मुलीने तो फॉर्म बघितला, मग त्याला बघितलं आणि म्हणाली, "अहो, फॉर्म भरायचा असतो, तपासायचा नसतो."

दुसऱ्या दिवशी वैजनाथ चौथी चूक घेऊन गेला. पुढच्या सहा महिन्यांत तो अकरा वेळा पासबुक भरून घ्यायला गेला. शेवटी शेवटी तर पासबुकात छापण्यासारखं काही उरलंच नव्हतं, पण तोवर दोघांचं बोलणं पासबुकाच्या पुढे गेलेलं होतं.

प्रियदर्शनी वेंगुर्ल्याची. तिच्या घरी गंगाखेड कुठे आहे हे नकाशात शोधावं लागलं आणि त्याच्या घरी वेंगुर्ला. दोन्हीकडे नकाशा मिटल्यावर एकच शंका उरली: हिला तिकडचं आणि त्याला इकडचं जेवण सोसेल का? दोघांनीही छातीवर हात ठेवून सांगितलं की जेवण ही काही एवढी मोठी गोष्ट नाही. लग्नाआधी माणसं काय काय बोलतात.

लग्नानंतर त्यांनी बिबवेवाडीत कुसुमताईंच्या बंगल्याचा वरचा मजला भाड्याने घेतला. कुसुमताई शाळेतून निवृत्त झालेल्या गणिताच्या बाई. खाली त्या एकट्याच राहत. घर दाखवताना त्यांनी तीन वाक्यं उच्चारली. पाणी चोवीस तास आहे. गच्चीची किल्ली मागावी लागेल. आणि या घरात भाजी शिजते, जनावरं शिजत नाहीत. वैजनाथने बायकोकडे बघितलं. तिने मान डोलावली. डोलावताना तिच्या मनात सहा महिन्यांत घर बदलायचा हिशेब होता. बघता बघता दोन वर्षं झाली.

त्या दोन वर्षांत प्रियदर्शनीने तक्रारीचा शब्द काढला नाही. महिन्यातून एकदा दोघं एका मालवणी खानावळीत जात. ताट समोर आलं की ती बांगड्याकडे अशी बघे, जशी आपण लांबच्या गाडीने आलेल्या पाहुण्याकडे बघतो: कधीचे निघालात, फार त्रास नाही ना झाला. मग निमूटपणे जेवे. वैजनाथ सोलकढी पिऊन म्हणे, "छान आहे." ती म्हणे, "हो, गुलाबी आहे."

एवढ्यावर संसार उत्तम चालला होता. पण जुलैत प्रियदर्शनीला बढती मिळाली. बढती म्हणजे बदली. बँकेने दयाळूपणे एक फॉर्म दिला: आपल्या पसंतीच्या तीन जागा लिहा, पहिल्या पसंतीचा आवर्जून विचार होईल. त्याच सुमारास बातमी आली की वेंगुर्ल्याच्या शाखेत अधिकाऱ्याची जागा रिकामी होत आहे.

तो फॉर्म फ्रिजच्या दारावर चुंबकाखाली लटकला. नाव भरलेलं, कर्मचारी क्रमांक भरलेला, जन्मतारीख भरलेली. पहिली पसंती, रिकामी. फॉर्म द्यायची मुदत सप्टेंबरातल्या एका सोमवारी संपत होती. ते दोन महिने वैजनाथने आयुष्यात प्यायलं नव्हतं एवढं फ्रिजचं पाणी प्यायलं. दर वेळी दार उघडताना एकदा बघायचं, बंद करताना एकदा बघायचं. रकाना रिकामाच.

विचारायचं त्याला सुचलं नाही, असं नाही. पण चुका शोधणाऱ्या माणसाच्या मनात एक भीती कायमची बसलेली असते: शोधली तर सापडेल. विचारलं आणि ती "वेंगुर्ला" म्हणाली तर? वेंगुर्ल्यात सॉफ्टवेअर कंपनी नाही. तिथे त्याने काय तपासायचं, भरती-ओहोटी? म्हणजे ती तिकडे, तो इकडे, आणि मध्ये रात्रभराची एस.टी. तो विचार आला की तो पुन्हा पाणी प्यायला उठे.

अशात त्याला शेवंडीची गोष्ट आठवली. मागच्या दिवाळीत फराळ करता करता प्रियदर्शनीने सांगितलं होतं की तिचे बाबा वर्षभर स्वयंपाकघराच्या उंबऱ्याला पाय लावत नसत. पण लग्नाच्या वाढदिवशी स्वतः किनाऱ्यावर जाऊन शेवंड, म्हणजे लॉबस्टर, आणत, स्वतः साफ करत, स्वतः रांधत आणि आईला पाटावर बसवून वाढत. मुलांना त्या दिवशी दुसरीकडे जेवायला पाठवत. सांगताना तिचे डोळे असे काही झाले होते की वैजनाथने सुट्टी संपताच ऑफिसात जाऊन इंटरनेटवर शेवंडीचं चित्र शोधलं. संध्याकाळी घरी येऊन तो म्हणाला, "हा तर विंचू आहे. फक्त पगारवाढ मिळालेला." ती हसली नाही. उठून तिने ताटं घेतली आणि वरण-भात वाढला.

आता सोमवारच्या मुदतीआधीचा शनिवार हा नेमका त्यांच्या लग्नाचा दुसरा वाढदिवस होता. वैजनाथने ठरवलं, शेवंड करायची. आपल्या हातांनी. तिने ती खायची, आणि खाऊन झाल्यावर त्या रिकाम्या रकान्यात पुणे लिहायचं.

इंटरनेटवर त्याला एका अमेरिकन बाईंची पाककृती सापडली: दोघांच्या खास संध्याकाळसाठी लॉबस्टर टेल, म्हणजे शेवंडीची शेपटी. सोबत फोटो. मेणबत्त्या, उंच ग्लास, आणि मान मागे टाकून हसणारी एक तरुणी. तिच्याकडे बघून कोणाचीही खात्री पटली असती की ही काही बदलीचा अर्ज करणार नाही.

वैजनाथने ऑफिसच्या प्रिंटरवर पाककृती छापली आणि मग आपल्या पद्धतीने कामाला लागला. त्याने एक तक्ता केला. एकेचाळीस पायऱ्या. प्रत्येकीसमोर तीन रकाने: कृती, अपेक्षित निकाल, प्रत्यक्ष निकाल. पार्स्लीच्या जागी कोथिंबीर. पॅप्रिका म्हणजे काय हे कळायला अर्धा तास गेला, मग काश्मिरी मिरची. लोण्याला पर्याय शोधावा लागला नाही. पांढरी वाइन मात्र त्याने गाळली, कारण कुसुमताईंच्या तीन वाक्यांत तिचा उल्लेख नसला तरी तो अध्याहृत होता. पायरी सदतीसवर त्याने लिहिलं: कुसुमताई वर आल्यास. आणि अपेक्षित निकालाच्या रकान्यात लिहिलं: सोयाबीन सांगणे.

गुरुवारी तो गणेश पेठेच्या मासळीबाजारात सांगून आला आणि शनिवारी सकाळी, प्रियदर्शनी बँकेत ऑडिटला गेल्याबरोबर, पिशवी घेऊन हजर झाला. कोळीणबाईंचं नाव यमुनाबाई. बर्फावर दोन शेवंडी आडव्या पडल्या होत्या, हातभर लांब मिशांच्या. वैजनाथने त्या वांगी बघतो तशा दोन्हीकडून बघितल्या, पण काय बघायचं हेच माहीत नसल्यामुळे चूक सापडेना.

"कुणासाठी म्हनायच्या?" यमुनाबाईंनी विचारलं.

बायकोसाठी, तो म्हणाला. ती वेंगुर्ल्याची आहे. यमुनाबाईंच्या चेहऱ्यावर आदर आला. आणि तुम्ही कुठले, असं त्यांनी विचारल्यावर त्याने गंगाखेड सांगितलं, तेव्हा तो आदर गेला आणि तिथे काळजी आली. त्यांनी सुरा हातात घेतला आणि डोकी डब्यात देऊ की वेगळ्या पिशवीत, असं विचारलं. वैजनाथने खिशातला कागद उघडून खात्री करून घेतली. कागदावर सगळीकडे फक्त टेल होतं.

"डोकी नकोत," तो म्हणाला. "फक्त शेपट्या द्या."

यमुनाबाईंचा सुरा हवेतच राहिला. त्यांनी शेजारच्या बाईकडे बघितलं. शेजारच्या बाईने पलीकडच्या बाईकडे बघितलं.

"साहेब, एकदा घरी फोन लावून विचारा."

"नको. सरप्राइज आहे."

"ते तर हायेच," यमुनाबाई म्हणाल्या, आणि दोन्ही डोकी त्यांनी आपल्या टोपलीत, अगदी खाली, फडक्यात गुंडाळून ठेवली. त्या दिवशी यमुनाबाईंच्या घरी काय रस्सा झाला असेल, याची कल्पना वैजनाथला नव्हती. ती त्याला संध्याकाळी आली.

घरी येऊन त्याने पुढची अडचण काढली. पाककृतीत ओव्हन होता, घरात ओव्हन नव्हता. तव्यावर लोण्यात परतावं, तर वास खाली जाणार. कुसुमताईंचं नाक गणिताच्या बाईंना शोभेल असं होतं. कोणत्या मुलाने मधल्या सुट्टीत काय खाल्लं हे त्या वर्गात शिरताच सांगत, अशी त्यांची कीर्ती होती. वैजनाथने खिडक्या लावल्या. दाराखाली ओला पंचा सरकवला. उदबत्त्यांचा एक जुडगा पेटवून देवघरात, मोरीत आणि बाल्कनीच्या दारात खोचला. तरी मन मानेना. शेवटी त्याने गंगाखेडला फोन लावला.

गोदाबाईंनी आधी सगळं ऐकून घेतलं. कवच असतं, म्हणजे खेकड्यासारखं का? खेकड्यासारखं नाही, आई, मोठं. मग कामून आणलंस? त्याने कारण सांगितलं. म्हणजे बदलीचं सांगितलं नाही, वाढदिवसाचं सांगितलं. मग गोदाबाईंनी आयुष्यभराचा अनुभव एका वाक्यात दिला.

"काय बी असू दे, कुकरला लाव. मटणाला चार, तर ह्याला तीन."

वैजनाथला एकदम उजेड पडल्यासारखं झालं. कुकर! झाकण घट्ट बसतं. रिंग परवाच बदलली. म्हणजे वास आत कोंडला जाणार. इतका साधा, इतका निर्दोष उपाय अमेरिकेतल्या बाईंना सुचू नये याचं त्याला नवल वाटलं. त्याने पायऱ्या बारा ते एकोणीस खोडल्या आणि लिहिलं: कुकर, तीन शिट्ट्या.

कागद कापायच्या कात्रीने त्याने कवच वरून चिरलं, लोणी, लसूण आणि काश्मिरी मिरची आत भरली, शेपट्या वरच्या डब्यात ठेवल्या आणि खालच्या डब्यात बटाटे, कारण फोटोत कुस्करलेले बटाटे होते. टेबलावर धुतलेली चादर अंथरली. मेणबत्त्या घरात भरपूर होत्या, वीज कधी जाईल याचा त्या दिवसांत नेम नव्हता. दोन जाड मेणबत्त्या त्याने पालथ्या वाट्यांवर चिकटवल्या. सात वाजता गॅस पेटवला आणि खुर्ची ओढून कुकरसमोर बसला, कंपनीत सर्व्हरसमोर बसतो तसा.

पहिली शिट्टी झाली.

आता कुकर शिट्टी देतो म्हणजे नेमकं काय करतो, याचा विचार स्वयंपाक करणाऱ्या माणसाने कधी केलेला नसतो, आणि न करणाऱ्याने तर नाहीच नाही. आत कोंडलेलं सगळं तो एका झटक्यात, वरच्या दिशेने, मोठ्या आवाजात बाहेर टाकतो. वैजनाथने दिवसभर जो वास सांभाळून, झाकून, पंचाने अडवून धरला होता, तो त्या शिट्टीसरशी छतापर्यंत गेला, तिथून पसरला, व्हेंटिलेटरच्या जाळीतून बाहेर पडला आणि पायरीपायरीने खाली उतरला. त्याला उदबत्तीचाही हात लागला होता. समुद्राकाठच्या देवळात लसणाची फोडणी द्यावी, असा काहीसा तो वास होता.

वैजनाथचा हात गॅसच्या बटणाकडे गेला आणि थांबला. आईने तीन सांगितल्या होत्या. तक्त्यात तीन लिहिल्या होत्या. मंजूर झालेल्या कागदाच्या विरुद्ध तो आजवर गेलेला नव्हता. तो बसून राहिला. दुसरी झाली. तिसरी तर इतकी दमदार झाली की शेजारच्या बंगल्यातला कुत्रा उठून फाटकाशी आला.

तेवढ्यात खाली स्कूटी थांबल्याचा आवाज आला. मग कुसुमताईंचा आवाज, मग प्रियदर्शनीचा. शब्द कळेनात. वैजनाथने मेणबत्त्या लावल्या, दिवा मालवला आणि दाराशी उभा राहिला.

प्रियदर्शनी आत आली, पर्स खांद्यालाच, हेल्मेट हातात. तिने अंधाराकडे बघितलं, मेणबत्त्यांकडे बघितलं, आणि एक खोल श्वास घेतला. तो श्वास फार वेळ चालला.

"वैजू," ती म्हणाली, "हा वास कसला आहे?"

"बस," तो म्हणाला.

त्याने दोघांची ताटं आणून ठेवली. लालभडक कवच, आत पांढरा गर, वर कोथिंबीर, बाजूला बटाटे. दिसायला अगदी फोटोसारखं. प्रियदर्शनीने तोंडावर हात घेतला. तिचे डोळे दिवाळीत झाले होते तसे झाले. तिने एक तुकडा तोडायला घेतला. तुटला नाही. तिने दोन्ही हातांनी ओढला, तेव्हा तो लांबला आणि सुटून परत गेला. शेवटी तिने तो दातांनीच तोडला आणि चावू लागली.

वैजनाथ बघत राहिला. ती चावत राहिली. मेणबत्तीचा एक थेंब ओघळून वाटीवर आला, गोठला. ती अजून चावतच होती.

"कशी झाली आहे?" त्याने अखेर विचारलं.

तिने बोट वर करून थांब म्हटलं. आणखी थोड्या वेळाने गिळलं.

"बटाटे मस्त दिसतायत," ती म्हणाली. मग कवच उचकटून बघत तिने विचारलं, "किती वेळ शिजवलीस?"

"तीन शिट्ट्या."

"शेवंडीला? कुकरात?" तिचा आवाज वेंगुर्ल्याला पोचला. "मेल्या, ह्यां काय केलंस?" मग ती उठून स्वयंपाकघरात गेली, ओट्यावर बघितलं, फ्रिज उघडून बघितलं, डबा उघडून बघितला आणि दारात येऊन उभी राहिली. "डोकी कुठायत? रस्सा तर त्यांचाच होतो!"

वैजनाथने सांगितलं. यमुनाबाई, टोपली, फडकं, सगळं. प्रियदर्शनी खुर्चीत बसली. घरात काही वाईट बातमी आल्यावर माणूस बसतो तशी.

दारावर टकटक झाली.

कुसुमताई होत्या. त्यांनी चपला बाहेर काढल्या, पंचा पायाने बाजूला सारला आणि आत येऊन टेबलाकडे नजर टाकली.

"वैजनाथराव, वीज गेली आहे का?"

"नाही."

"मग मेणबत्त्या?"

"लग्नाचा वाढदिवस आहे आमचा."

"अच्छा. अभिनंदन." त्यांनी नाकाने एक छोटा, अचूक श्वास घेतला. "आणि कुकरात काय होतं?"

पायरी सदतीस. वैजनाथने तोंड उघडलं. सोयाबीन हा शब्द त्याच्या जिभेवर तयार होता, दोन दिवस त्याने तो आरशासमोर म्हणून बघितला होता. पण त्याच्या आधी प्रियदर्शनी बोलली.

"शेवंड आहे, कुसुमताई. लॉबस्टर. यांनी माझ्यासाठी केली."

कुसुमताईंनी चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला.

"सोयाबीन म्हणाला असतात तर मी सोयाबीन समजले असते," त्या म्हणाल्या. "आता कळलंच आहे, म्हणजे मला काहीतरी म्हणणं भाग आहे. दिवाळीच्या आत दुसरं घर बघा. घाई नाही, दोन दिवस इकडे-तिकडे झाले तरी चालेल." दाराशी जाऊन त्या थांबल्या. "आणि तीन शिट्ट्या फार होतात. वरणालासुद्धा मी दोनच देते."

त्या गेल्या.

वैजनाथच्या डोक्यात मात्र गणित सुटलं होतं. हिने खरं का सांगितलं? ज्या घरात अजून राहायचं असतं, त्या घराच्या मालकिणीला कोणी असं सांगत नाही. ज्याने निघायचं ठरवलेलं असतं, तोच सांगतो. म्हणजे ठरलं. पहिली पसंती मनात कधीच भरून झाली आहे, फक्त शाई उमटायची बाकी आहे. त्याने समोरची शेपटी बघितली, तक्ता बघितला. एकेचाळीस पायऱ्यांत पुढे काय करायचं हे कुठेही लिहिलेलं नव्हतं.

"प्रिया," तो म्हणाला, "जाऊ नकोस."

"कुठे?"

"वेंगुर्ल्याला. मला माहीत आहे, तिथे तुझं घर आहे, समुद्र आहे, इथे काय आहे. पण जाऊ नकोस. मला करमणार नाही. म्हणजे करमण्याचं सोड, मला जमणारच नाही."

मग तिने हळूच विचारलं की हे सगळं, ही शेवंड, या मेणबत्त्या, हे त्या फॉर्मसाठी होतं का? त्याने मान डोलावली. खाऊन झाल्यावर तू पुणे लिहिशील असं वाटलं, असं तो म्हणाला, आणि म्हणताना ते वाक्य त्याला स्वतःलाच फार लहान मुलाचं वाटलं.

"हे जुलैत म्हणाला असतास," ती म्हणाली, "तर दोन शेवंडींचा जीव वाचला असता."

ती हसली नाही, म्हणून त्याला कळेना की ही थट्टा आहे की काय आहे.

"आज संध्याकाळपर्यंत मी वेंगुर्लाच लिहिणार होते," ती पुढे म्हणाली. "पेन घेऊन दोनदा उभी राहिले होते. तू काही बोलत नव्हतास. मला वाटलं, याला चालणार आहे. फ्रिजपाशी येतोस, बघतोस, पाणी पितोस, जातोस."

"आणि आता?"

"आता काय. घरातनं तर काढलंच आपल्याला." तिने ताट जवळ ओढलं. "मला समुद्र नको होता रे. समुद्र घेऊन मी काय करू? दोन वर्षं मी या घरात चोरासारखी राहते आहे. सुका जवळा पर्समध्ये ठेवून बँकेत खाते, माहीत आहे तुला? मला आपल्या घरात, झाकण न लावता, काहीतरी शिजवायचं होतं. बस, एवढंच."

जवळ्याचं, त्या सुक्या बारीक कोळंबीचं, त्याला माहीत नव्हतं. पर्समधला तो विशिष्ट वास तो इतके दिवस बँकेचा समजत होता.

"मग कुसुमताईंना खरं का सांगितलंस?" त्याने विचारलं. "मला वाटलं, तू निघालीसच."

"मग काय शेवंडीला सोयाबीन म्हणू? बाबांना काय तोंड दाखवू मी?"

आता मात्र ती हसली, आणि एकदा सुरू झाल्यावर तिला थांबता येईना. हसता हसताच तिने उठून फ्रिजवरचा फॉर्म काढला, मेणबत्तीच्या उजेडात ठेवला आणि पहिल्या पसंतीत मोठ्या अक्षरांत लिहिलं, पुणे. तिथे लोण्याचं एक बोट उमटलं. वैजनाथला ते दिसलं. बँक असा डाग चालवून घेईल का, हा प्रश्न त्याच्या ओठांपर्यंत आला, आणि त्याने तो बटाट्याच्या घासाबरोबर गिळून टाकला. त्याच्या नोकरीच्या आयुष्यातली ही पहिलीच चूक असेल, जी त्याने दिसूनही सोडून दिली.

मग घर कुठे बघायचं यावर बोलणं निघालं. वैजनाथ म्हणाला कात्रज, तिथून कंपनीची बस सुटते. प्रियदर्शनी म्हणाली गणेश पेठेच्या जवळ कुठेही, म्हणजे सकाळी जाऊन यमुनाबाईंशी तिला दोन गोष्टी नीट बोलता येतील. तो म्हणाला, तिकडे पार्किंग नाही. ती म्हणाली, शेवंडीला पार्किंग लागत नाही. तो म्हणाला, स्वयंपाकघराला दोन खिडक्या पाहिजेत. ती म्हणाली, आणि खाली मालकीण नको. एवढ्यावर दोघांचं एकमत झालं. बाकी काही ठरलं नाही, आवाज चढत गेले, आणि त्या भरात प्रियदर्शनीने स्वतःची शेपटी संपवून, न विचारता, त्याच्या ताटातली उचलली आणि चावायला घेतली.